रिपेअरचं बटण दाबायच्या आधी पेन ड्राइव्ह शोधा



गेल्या महिन्यात बिलिंग सॉफ्टवेअरवरचा व्हिडिओ टाकला आणि त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, कॉम्प्युटर अचानक बंद पडला, आता डेटा उघडत नाही, कोणतं रिकव्हरी सॉफ्टवेअर चांगलं?" मी आजवर यावर गोलमाल उत्तर देत आलो. आज सरळ सांगतो. हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे, आणि मला हे कळायला एक दिवाळी आणि ४१ हजार रुपये लागले.

माझं दुकान हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं. तालुक्याच्या गावात असतं तसं. काउंटरवर रोख गिऱ्हाईक, आणि आत वायरमन, प्लंबर, छोटे ठेकेदार यांची उधारी. हे लोक महिन्याला किंवा काम संपलं की पैसे देतात, आणि मोठी वसुली दिवाळीच्या तोंडावर होते. मी बीबीए करून दुकानात आलो तेव्हा पहिलं काम काय केलं? अण्णांच्या लाल वह्या कपाटात टाकल्या आणि सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. "पेपरलेस दुकान" असा एक व्हिडिओही आहे माझा. जुन्या लोकांना आठवत असेल. त्यात मी अण्णांच्या पेन्सिलच्या डायरीची थोडी थट्टाही केली होती. तो व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, राहू दे.

तर ऑक्टोबरची ८ तारीख, परतीचा पाऊस. संध्याकाळी सातच्या सुमारास दुकानात पाच-सहा माणसं, मी बिल करतोय, बाहेर विजा. लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. दोन वेळा टीं टीं केलं आणि गप्प. मी म्हटलं, ठीक आहे, पाऊण तासात येईल लाइट. आली. कॉम्प्युटर चालू झाला, विंडोज नीट उघडलं, सॉफ्टवेअरपण उघडलं, पण कंपनी निवडली की एक लाल चौकट. डेटात बिघाड आहे, रिपेअर करायचं का? खाली "हो" आणि "नाही".

तुम्ही काय दाबलं असतं? मीपण तेच दाबलं.

वीस मिनिटं ते फिरत राहिलं आणि कंपनी उघडली. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "झालं गं, वाचलो." मग एका वायरमनचं खातं उघडलं तर त्याची शेवटची नोंद ३० जूनची. दुसऱ्याचं उघडलं, तेच. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे आठ दिवस, या काळातल्या विक्रीच्या नोंदीच नाहीत. रिपेअरला ज्या नोंदी समजल्या नाहीत, त्या त्याने बाहेर फेकल्या आणि उरलेल्याची नीटनेटकी कंपनी करून माझ्या हातात दिली. त्याच्या दृष्टीने काम फत्ते.

रात्री साडेनऊला आमच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, रिपेअर करायच्या आधी डेटाचं फोल्डर कॉपी करून ठेवलंय ना?" मी गप्प. तो पण दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "बरं, बॅकअप बघू."

बॅकअप होता. रोज रात्री आपोआप व्हायचा, पेन ड्राइव्हवर, वर हिरवी टिक यायची. फक्त १ एप्रिलला मी नव्या वर्षासाठी नवी कंपनी तयार केली होती, आणि बॅकअपच्या सेटिंगमध्ये जुनीच राहिली होती. म्हणजे सहा महिने माझा कॉम्प्युटर न चुकता, रोज, मागच्या वर्षाचा बॅकअप घेत होता. मी टिक बघत होतो, आत काय आहे ते एकदाही बघितलं नाही.

सॉफ्टवेअरचं नाव मी सांगणार नाही. चूक त्याची नव्हती. बॅटरी माझी, सेटिंग माझं, बोट माझं.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, कारण ते समजलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. तुम्ही एक बिल सेव्ह करता तेव्हा तुम्हाला वाटतं एक नोंद झाली. आत तसं नसतं. बिल एका जागी लिहिलं जातं, गिऱ्हाइकाच्या खात्यावर बाकी वाढते, मालाच्या साठ्यातून नग कमी होतात, जीएसटीच्या खात्यावर रक्कम जाते, आणि हे सगळं पटकन सापडावं म्हणून जी अनुक्रमणिका असते तिच्यातही बदल होतो. पाच ठिकाणी लिहायचं असतं, आणि तिसऱ्या ठिकाणी लिहिताना लाइट जाते. मग साठा सांगतो माल गेला, खतं सांगतं गिऱ्हाइकाने काही घेतलंच नाही. डेटाबेस करप्ट झाला म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो. माहिती पुसली गेलेली नसते, तिचे तुकडे एकमेकांशी जुळत नसतात.

आणि गंमत बघा, यावरचा उपाय आपल्या जुन्या दुकानदारांना माहीत होता. अण्णांच्या काळात आधी रोजकीर्द लिहायची, जे घडलं ते घडलं त्या क्रमाने. मग निवांत बसून त्यावरून खतावणी करायची. खतावणीच्या वहीवर चहा सांडला तरी कीर्द आहे, पुन्हा बसून खतावता येतं. आजचे चांगले डेटाबेस अगदी हेच करतात. खरी फाइल बदलायच्या आधी, काय बदलायचंय किंवा आधी काय होतं, ते शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना ती फाइल वाचून अर्धवट काम पूर्ण तरी करतात नाही तर मागे तरी फिरवतात. मोबाइलमधल्या असंख्य अ‍ॅपमध्ये आणि कितीतरी छोट्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो, त्याच्या फाइलशेजारी अशी "जर्नल" किंवा "वॉल" शेपटीची फाइल दिसते. जर्नल म्हणजे कीर्दच की!

म्हणून मित्रांनो, कॉम्प्युटर बंद पडल्यावर डेटाच्या फोल्डरमध्ये ओळखीची नसलेली एखादी फाइल दिसली तर "हा कचरा असेल" म्हणून डिलीट करू नका. ती तुमची कीर्द असू शकते. मुख्य फाइल तेवढी उचलून कुणाला पाठवू नका, अख्खं फोल्डर द्या. आणि तिचं नाव बदलू नका. नाव बदललं की दोघींची जोडी तुटते.

माझं पहिलं मत हे. बंद पडल्यानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात महाग असतो, आणि त्यात आपण करायचं काम एकच, काही न करणं. सॉफ्टवेअर बंद करा. डेटाचं फोल्डर जसं आहे तसं, तुटलेलं, वाकडं, पेन ड्राइव्हवर कॉपी करा. त्याची अजून एक कॉपी काढा. पहिलीला हात लावायचा नाही. दुसरीवर, आणि शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर, काय ते प्रयोग करा. रिपेअर फसलं तर पुन्हा कॉपी करून पुन्हा प्रयत्न करता येतो. टॅली वापरणाऱ्यांसाठी: टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूत रिपेअर मिळतं, जुन्या ईआरपी ९ मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आर, त्याला रीराइट म्हणायचे. दोन्ही कामाचे आहेत, कितीतरी वेळा सगळं नीट परत येतं. पण दोन्ही तुमच्या मूळ डेटावरच लिहितात. कॉपी नसेल तर परतीचं तिकीट नाही.

हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर मात्र वरचं सगळं विसरा आणि मशीन बंद करा. तिथे कॉपी करायचा हट्टसुद्धा धरू नका. चेक डिस्क चालवा असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. ते काम जाणकाराचं. आणि एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल परत आणून देतो म्हणून कुणी आधीच पैसे मागितले तर जरा जपून. एसएसडीमध्ये डिलीट केलेली जागा मशीन आपणहून साफ करत असतं, तिथे परत मिळण्याची आशा जुन्या हार्ड डिस्कपेक्षा बरीच कमी.

आमच्या कॉम्प्युटरवाल्याने दोन दिवस खटपट केली. तो म्हणाला, रिपेअरच्या आधीचं फोल्डर असतं तर बरंच काही निघालं असतं कदाचित. "कदाचित" हा शब्द मी अजून विसरलो नाही.

मग सुरू झाली खरी रिकव्हरी. ती कॉम्प्युटरवर झाली नाही. ती झाली कागदावर, फोनवर आणि लोकांच्या दारात. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्यावर वेळ आली तर इथूनच माल परत मिळेल.

खरेदी सगळ्यात सोपी निघाली. जीएसटी पोर्टलवर २बी असतं. पुरवठादारांनी तुमच्या नंबरवर लावलेली बिलं त्यात महिन्यानुसार तयार. दर महिन्याच्या १४ तारखेला मागच्या महिन्याचं येतं. जुलै-ऑगस्ट तिथून घेतलं, सप्टेंबरची बिलं फाइलला लावलेली होती. व्यापारी गिऱ्हाइकांची विक्री जीएसटीआर १ मध्ये बिलानुसार असते, भरलेली रिटर्न पोर्टलवरून उतरवून घेतली. सप्टेंबरचं रिटर्न भरायची शेवटची तारीख ११ ऑक्टोबर, म्हणजे हातात तीन दिवस. बिलांच्या दुसऱ्या प्रती होत्या म्हणून ११ च्या रात्री उशिरा का होईना, ते गेलं. बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचं स्टेटमेंट यावरून जमा झालेले पैसे कळले. आणि एक जागा जी मला आधी सुचलीच नाही, व्हॉट्सअ‍ॅप. ज्यांना बिलाची पीडीएफ पाठवली होती, त्यांच्या चॅटमध्ये ती तशीच पडलेली. बायकोने तीन रात्री बसून एकेक चॅट उघडून दोनशेच्या वर बिलं काढली. पेपरलेसचं एवढं श्रेय मी देतो.

पण सरकारला जे दाखवायचं असतं ते सरकारकडे असतं. साध्या गिऱ्हाइकांची विक्री जीएसटीआर १ मध्ये दरानुसार एकत्र रकमेत जाते. कोणत्या वायरमनने किती बंडल वायर उधार नेली, हे जगात कुठल्याच पोर्टलवर नाही. ते फक्त माझ्याकडे होतं, आणि माझ्याकडे आता नव्हतं.

इथे अण्णांची डायरी आली. मी कितीही हसलो तरी अण्णा काउंटरवर असले की उधारी पेन्सिलने लिहायचे. नाव, माल, रक्कम, बस. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे आठ दिवस त्या डायरीतून जसेच्या तसे मिळाले. मग जुलै आणि ऑगस्ट? जुलै-ऑगस्टमध्ये अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. ते दुकानात आलेच नाहीत. डायरीची ती पानं कोरी.

सीएंना मी दर महिन्याला ट्रायल बॅलन्स पाठवतो. ३१ ऑगस्टचा त्यांच्या मेलमध्ये सापडला. त्यात एक ओळ, येणे बाकी ४ लाख १२ हजार. एकूण आकडा आहे, कुणाकडून किती ते नाही. विहिरीत पाणी आहे हे माहीत, पण बादली नाही, तशातली गत.

मग लोकांना फोन लावले. खोटं सांगायचं नाही असं ठरवलं. "कॉम्प्युटर गेला आहे, तुमच्याकडे माझी बाकी किती दिसते?" असं सरळ विचारलं. माझे एक मामा म्हणाले, असं विचारशील तर लोक बुडवतील. काहींनी बुडवलंही असेल, मला सिद्ध करता येणार नाही. एका ठेकेदाराने जी रक्कम सांगितली ती माझ्या अंदाजाच्या निम्मी होती, मी ती मान्य केली. दुसऱ्या टोकाला एक वायरमन. शाळा सातवीपर्यंत. तो खिशातली छोटी वही घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही फोनवर जे बोलला त्यापेक्षा माझ्याकडं सहा हजार दोनशे चाळीस जास्त निघतात." त्याने मला तारखा दाखवल्या. सातवी शिकलेल्या माणसाकडे बॅकअप होता आणि बीबीएवाल्याकडे नव्हता.

शेवटी ३१ ऑगस्टच्या त्या ४ लाख १२ हजारांपैकी ३ लाख ७१ हजारांची नावं लागली. राहिलेले ४१ हजार कुणाचे ते मला आजही माहीत नाही.

आता माझं दुसरं मत, आणि यावर तुमच्यातले काही जण नाराज होतील. आपण ट्रेनर लोक तुम्हाला रील कशी काढायची ते शिकवतो, दुकानाचं ब्रँडिंग शिकवतो, "ऑटोमेट करा" म्हणून सांगतो. बॅकअप हा शब्द एका वाक्यात येतो आणि जातो, कारण त्याला व्ह्यूज नाहीत. मी स्वतः हेच केलं. पण ज्याचं दुकान उधारीवर चालतं, त्याचं खरं भांडवल कपाटातला माल नसतो, ती यादी असते. माल चोरीला गेला तर विमा असू शकतो. यादी गेली तर कुणाकडे मागणार?

आणि फक्त छोट्यांचं असं होतं असं समजू नका. गिटलॅब नावाची, प्रोग्रामरांसाठी सेवा देणारी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री त्यांच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या त्यांच्याकडे. एकही वेळेला कामाला आली नाही. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलसुद्धा कुणापर्यंत पोचत नव्हते. एका इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर कंपनी उभी राहिली. त्यांनी हे लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. मी ते वाचलं तेव्हा मला माझी हिरवी टिक आठवली.

कायद्याचंही एक सांगतो, कारण "मी छोटा आहे, मला काय" असं बरेच जण म्हणतात. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं सांभाळायची असतात. आणि सीजीएसटीचा नियम ५७ सांगतो की हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर अपघाताने वा नैसर्गिक कारणाने तो नष्ट झाला तरी वाजवी वेळात परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवा. लाइट गेली, डेटा गेला, हे उत्तर चालत नाही.

आता माझ्याकडे काय चालतं ते सांगतो. फार हुशारीचं काही नाही. दोन पेन ड्राइव्ह, एक लाल, एक निळा. शटर ओढायच्या आधी सॉफ्टवेअर बंद करून अख्खं डेटा फोल्डर तारखेच्या नावाने कॉपी होतं, एक दिवस लालवर, एक दिवस निळ्यावर. आज वापरलेला माझ्याबरोबर घरी येतो. कॉम्प्युटरला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. वीज पडली, चोर आला, व्हायरस आला, तर दोन्ही एकदमच जातात. जुनी तारीख लगेच पुसत नाही, निदान दोन महिने मागचं राहू देतो, कारण बिघाड आज झाला तरी दिसतो कधी कधी पंधरा दिवसांनी. गुगल ड्राइव्हवरही जातं, पण चालू फोल्डर तिथे जोडलेलं नाही. ती चूक करू नका, इकडची फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. जुनी आवृत्ती मिळते, पण ३० दिवसांपर्यंतच, तोवर लक्षात आलं तर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करतो. उघडलं एवढ्यावर समाधान नाही. तीन आकडे जुळवतो, रोख शिल्लक, एका वस्तूचा साठा आणि एका गिऱ्हाइकाची बाकी. एप्रिलमध्ये नवी कंपनी केली की त्याच रात्री हे करायचं, हे मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

यूपीएसला नवी बॅटरी टाकली. बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, तारीख तिच्यावर मार्करने लिहा. आणि तो बिल पूर्ण करून मशीन नीट बंद करायला असतो, दुकान चालवायला नाही.

आणि शनिवारी संध्याकाळी उधारीची यादी छापतो. दोन पानं होतात. अण्णा ती चष्मा लावून वाचतात आणि त्यांच्या डायरीशी ताडून बघतात. ते अजून पेन्सिलनेच लिहितात, मी आता काही बोलत नाही. परवाच्या शनिवारी एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "ह्याचे साडेतीनशे तू दोनदा धरलेत का?" धरले होते.